पोवळ्यांवर डायव्हिंगचा परिणाम मोजताना : ग्रँड आयलंडच्या निमित्तानं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात ऑक्टोबर उजाडला, बोटी परत पाण्यात उतरल्या, की हे प्रश्न सुरू होतात. विचारणारे साधारण तीन प्रकारचे. प्रोजेक्टला विषय शोधणारे फोंडा-वास्को-म्हापशाकडचे विद्यार्थी; पुण्या-कोल्हापुराहून येऊन पहिलीवहिली डायव्ह करून, मनात थोडी टोचणी घेऊन परतलेले पर्यटक; आणि बोटीवर काम करणारे गाईड मित्र, ज्यांना आपल्यावर बोट उठणार का याची काळजी असते. मी शास्त्रज्ञ नव्हे. काही वर्षं सर्वेक्षणांत टेप धरायला आणि पाटीवर रकाने भरायला जातो, तेवढाच अधिकार. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे ठेवले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोव्यात पोवळी आहेत तरी का? आम्हाला तर फक्त हिरवट पाणी दिसलं.

आहेत. अंदमान-लक्षद्वीपसारख्या लांबच लांब प्रवाळभिंती नाहीत, खडकांवर ठिगळांसारखी वाढलेली पोवळी आहेत. मुरगावच्या किनाऱ्यासमोरच्या ग्रँड आयलंडच्या आसपास ती पाहायला मिळतात आणि गोव्यातलं बरंचसं डायव्हिंगही तिथेच चालतं. सूझीज रेक, डेव्ही जोन्स लॉकर, सेल रॉक ही नावं बोटीवर ऐकलीच असतील. पानांच्या गड्ड्यासारखी टर्बिनेरिया, ढेकळासारखी पोरायटिस, फेवायटिस, फुलोरा आल्यासारखी दिसणारी गोनिओपोरा, अशी मंडळी इथे आहेत. मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्या जवळच समुद्राला मिळतात, त्यामुळे पाण्यात गाळ कायमचाच. तो सोसणारी पोवळीच इथे टिकली आहेत. फांद्याफांद्यांची नाजूक पोवळी फोटोत पाहून आलेल्यांचा विरस होतो, पण मोजणीच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे (प्रश्न ८ पाहा).

२. दगडासारखं कडक तर लागतं. हात लावला तर असं काय बिघडतं?

कडक लागतो तो चुनखडीचा सांगाडा. त्यावर जिवंत उतींचा अगदी पातळ थर असतो, आणि त्या थरात राहणारं सूक्ष्म शैवाल पोवळ्याला बरंचसं अन्न पुरवतं. बोटं घासली, पायातली पोहण्याची फिन आपटली, गुडघा टेकला की हा थर सांगाड्याच्या कडांवर चिरडला जातो. जखम लहान असेल तर भरते. भरायच्या आधी तिथे शैवाल बसलं, किंवा त्याच जागी परवा दुसरा गुडघा टेकला, तर नाही भरत. ढेकळासारखी पोवळी वर्षाला एखादा सेंटिमीटर वाढतात. घमेल्याएवढा गड्डा तुमच्या-माझ्या लग्नाच्या आधीपासून तिथे असू शकतो.

न शिवताही त्रास देता येतो. तळाशी पाय मारले की रेती-गाळ उठतो आणि पोवळ्यावर बसतो. तो झटकायला पोवळं चिकट स्राव सोडतं आणि त्यात त्याची शक्ती खर्च होते.

३. “परिणाम मोजायचा” म्हणजे नेमकं काय मोजायचं?

दोन वेगळ्या गोष्टी, आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो. पहिली, खडकाची अवस्था: जिवंत पोवळं किती टक्के, मोडलेलं किती, पांढरं पडलेलं किती, शैवालानं व्यापलेलं किती. दुसरी, डायव्हरची वागणूक: मिनिटाला किती स्पर्श, कशानं, कशावर, गाळ उठला का.

पहिली गोष्ट सावकाश बदलते आणि तिच्यामागे दहा कारणं असतात. दुसरी लगेच दिसते आणि तिचं कारण डोळ्यांसमोर पोहत असतं. दोन डुबक्यांचंच बजेट असेल, आणि गोव्यात ते बहुधा तेवढंच असतं, तर माझं मत सरळ आहे: आधी दुसरी मोजा. नुसती खडकाची टक्केवारी घेऊन “डायव्हिंगमुळे इतकं घटलं” असं लिहिणारे प्रोजेक्ट मी बरेच वाचले आहेत. त्यांतलं “मुळे” कुठून आलं, हे एकालाही सांगता आलं नव्हतं.

४. जिवंत पोवळं किती टक्के, हे पाण्याखाली काढतात कसं?

खडकावर टेप अंथरायची आणि ठरावीक अंतरावर टेपखाली काय आहे ते लिहायचं. रीफ चेक या जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत २० मीटरचे चार तुकडे घेतात आणि दर अर्ध्या मीटरला नोंद करतात. आपल्याकडची ठिगळं लहान. २० मीटरची टेप सरळ टाकली तर अर्धी रेतीवरच जाते. म्हणून १० मीटरच्या जास्त रेषा घेतलेल्या बऱ्या.

दुसरी पद्धत चौकटीची. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटर चौकट ठेवायची, वरून फोटो काढायचा, आणि घरी संगणकावर त्या फोटोवर बिंदू टाकून प्रत्येक बिंदूखाली काय आहे ते मोजायचं. सीपीसीई नावाची प्रणाली याच कामासाठी २००६ पासून वापरात आहे. पाइपला भोकं पाडायला विसरू नका. नाहीतर आत हवा राहते, चौकट तरंगत वर जाते, आणि बोटीवरचे लोक वर्षभर त्यावरून चिडवतात.

रेषा किंवा चौकट कुठे टाकायची हे पाण्यात उतरण्याआधी चिठ्ठ्यांनी ठरवा. खाली गेल्यावर हात आपोआप देखण्या पोवळ्याकडे वळतो.

५. मोडतोड नवी की जुनी, हे कसं ओळखायचं?

रंगावरून. ताजा घाव स्वच्छ पांढरा असतो, मोडलेल्या खडूसारखा, आणि कडा धारदार असतात. काही दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी साय धरते. आणखी दिवस गेले की शैवालाची लव येते आणि कड बोथट होते. म्हणून पाटीवर तीन रकाने ठेवा: ताजं, साय धरलेलं, जुनं. हंगामात दर पंधरवड्याला त्याच जागी गेलात तर फक्त “ताजं” हा रकाना कामाचा. बाकीचे मागच्या फेरीतच मोजून झालेले असतात.

एक फसवणूक सांगून ठेवतो. पॅरटफिश पोवळं कुरतडतो तेव्हाही पांढऱ्या खुणा उठतात. त्या बारीक, जोडीजोडीच्या, नखानं ओरखडल्यासारख्या असतात. फिनचा घाव पसरट असतो आणि टर्बिनेरियाच्या पानाची कडच उडवतो. पहिल्या वर्षी आम्ही दोन्ही एकाच रकान्यात टाकले होते आणि मग तो सगळा कागद बाजूला ठेवावा लागला.

६. डायव्हरच्या मागे मागे जाऊन स्पर्श मोजतात म्हणे. ते कसं करायचं?

दोन-तीन मीटर मागे आणि थोडं वर राहायचं. हातात पाटी, पेन्सिल दोरीनं बांधलेली. वेळ सुरू केल्यापासून प्रत्येक स्पर्शाला एक ओळ: कितव्या मिनिटाला, कशानं (फिन, हात, गुडघा, पाठीवरची हवेची टाकी, लोंबणारा हवेचा गेज, कॅमेरा), कशावर (जिवंत पोवळं, मेलेला खडक, रेती), मुद्दाम की नकळत, मोडलं का, गाळ उठला का. लिहायला वेळ मिळत नाही, त्यामुळे खुणा आधीच ठरवून घ्या. आमच्याकडे “फ” म्हणजे फिन आणि “गु” म्हणजे गुडघा. पहिल्या दिवसाच्या पाटीवर “गु” इतक्या वेळा आला की वर आल्यावर पोरं हसून हसून लोळली.

स्पर्श मिनिटांनी भागायचे, कारण एकाची डायव्ह १२ मिनिटांची तर दुसऱ्याची ४० मिनिटांची असते. हिशेब कसा फुगतो ते पाहा. समजा मिनिटाला ०.२ स्पर्श, पाण्याखाली २० मिनिटं, आणि एका जागी दिवसाला ६० पर्यटक. माणशी स्पर्श फक्त चार, पण त्या जागेला एका दिवसात २४०. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते घेतले आहेत. ग्रँड आयलंडचे म्हणून कुठे छापू नका.

सरासरीवर विसंबू नका, हेही इथेच सांगतो. ऑस्ट्रेलियातल्या निरीक्षणांत बहुतेक डायव्हरांनी जवळजवळ काहीच मोडलं नव्हतं आणि बरीचशी मोडतोड मोजक्या लोकांच्या हातून झाली होती. तेव्हा सरासरीबरोबर मध्यक द्या, आणि सगळ्यात वाईट पाच जणांचे आकडे वेगळे दाखवा.

७. ज्याचे स्पर्श मोजतोय त्याला आधी सांगायचं का?

सांगितलं की तो शहाण्यासारखा वागतो आणि मोजणी फुकट जाते. न सांगणं म्हणजे पाळत. आम्ही काढलेली वाट अशी: बोटमालक आणि गाईड यांना आधी पूर्ण कल्पना द्यायची, पर्यटकांना इतकंच सांगायचं की आज बोटीवर सागरी निरीक्षण चालू आहे, डायव्ह झाल्यावर खरं काय ते सांगून परवानगी मागायची. नाही म्हणाला तर त्याच्यासमोरच पाटी पुसायची. नावं कधीच लिहायची नाहीत. आणि कुणाचा श्वास चुकतोय, कुणी घाबरलंय असं दिसलं की मोजणी तिथेच थांबली. पाटी सोडा, माणूस धरा.

८. “एका जागी वर्षाला पाच-सहा हजार डायव्ह पोवळ्यांना सोसतात” असं वाचलं. मग गोव्यात अजून भरपूर वाव आहे ना?

हा आकडा सगळ्यात जास्त विचारला जातो आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो.

तो आला कुठून, ते आधी पाहू. कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या अभ्यासात एका जागी वर्षाला ४,००० ते ६,००० डायव्हनंतर नुकसान झपाट्यानं वाढताना दिसलं. इजिप्तच्या शर्म अल-शेखमधल्या कामातून ५,००० ते ६,००० हा जवळपास तसाच आकडा निघाला. दोन ठिकाणचे आकडे जुळले, लोकांनी त्याचा नियम करून टाकला.

आता आपल्याकडे बघा. तिथलं पाणी काचेसारखं. इथे चांगल्या दिवशीही पाच-सात मीटरपलीकडे धूसर दिसतं, वाईट दिवशी स्वतःची फिन दिसत नाही. तिथल्या डायव्हरांत परवानाधारकांचा भरणा. इथल्या बोटीवर बहुतेक जण आयुष्यात पहिल्यांदा श्वास घ्यायचा रेग्युलेटर तोंडात धरत असतात. तिथे मोडणारी फांदीदार पोवळी भरपूर, म्हणून मोडलेल्या फांद्या हे सोपं माप होतं. इथल्या ढेकळांची फांदी मोडणार कुठून? ती झिजतात, ओरखडली जातात, गाळाखाली गुदमरतात. “मोडलेलं” हा एकच रकाना ठेवून गोव्यात मोजलंत तर आकडा छान कमी येईल आणि तुम्ही खूश व्हाल.

शिवाय तिथे बारा महिने डायव्हिंग चालतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंत, त्यातही नाताळ आणि शनिवार-रविवार. तेवढेच पाच हजार सात महिन्यांत, आणि त्यांतलेही निम्मे मोजक्या आठवड्यांत आले तर जखम भरायला उसंत कुठे मिळणार? आणि पंधरा मिनिटांच्या पर्यटक-डुबकीला एक डायव्ह धरायचं का, हेही आधी ठरवावं लागेल.

वाव आहे की नाही हे त्या आकड्यावरून ठरत नाही. त्या अभ्यासांतून उचलायचा तो त्यांचा प्रश्न: नुकसान कुठल्या गर्दीपासून एकदम चढतं? त्याचं उत्तर इथल्या खडकावरच शोधावं लागेल. मालवणच्या सागरी अभयारण्यात डायव्हिंगमुळे होणाऱ्या प्रवाळहानीवर २०२० मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. पाणी, पोवळी, पर्यटक सगळंच आपल्यासारखं, तेव्हा तुलना करायचीच तर आधी त्याच्याशी करा.

९. जास्त नुकसान कोण करतं, पहिल्यांदा उतरणारा की कॅमेरावाला?

सेंट लुसिया बेटावर ३५३ डायव्हरांचं पूर्ण डायव्हभर निरीक्षण केलं गेलं (निबंध २००४ चा). कॅमेरा असलेल्यांचे मिनिटाला सरासरी ०.४ स्पर्श, नसलेल्यांचे ०.१. रात्रीच्या डायव्हमध्ये १.०, दिवसाच्या ०.४. म्हणजे कॅमेऱ्याची अपकीर्ती खरी आहे. फोटो काढताना माणूस एक हात खडकाला लावून स्थिर होतो आणि मागे पाय काय करतायत हे विसरतो.

हे मी स्वतःवरून सांगतो. एका फेरीत मी तोऱ्यात दुसऱ्यांचे “फ” मोजत होतो. जोडीदारानं माझा व्हिडिओ काढला होता, तो बोटीवर सगळ्यांसमोर लावला. चौकटीचा फोटो घेताना माझी डावी फिन सात वेळा खडकावर आपटली होती, आणि मला एकदाही कळलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या पाटीवर निरीक्षकाचाही रकाना असतो.

नवख्यांबद्दल विचाराल तर पुढचा प्रश्न वाचा, कारण गोव्यातला नवखा कधी एकटा नसतोच.

१०. पर्यटकाला इन्स्ट्रक्टरनं धरलेलं असतं. मग स्पर्श कुणाच्या नावावर?

हा प्रश्न बायण्याच्या एका गाईडनं विचारला होता, आणि परदेशी नोंदतक्ते छापून आणणाऱ्या आम्हा सगळ्यांची त्यानं दांडी गुल केली. त्या तक्त्यांत “डायव्हर” म्हणजे एक माणूस. इथे पर्यटक टाकीपाशी धरलेला असतो. त्याची उंची, वेग, वळण सगळं इन्स्ट्रक्टरच्या हातात. खाली गेल्यावर त्याला रेतीवर किंवा खडकावर गुडघे टेकून बसवतात, कारण व्हिडिओवाला समोर येणार, दोन बोटांची खूण होणार, मग पुढचा. त्या गुडघ्याला “नकळत स्पर्श” म्हणणं म्हणजे पोत्यानं स्वतःहून जमिनीला हात लावला असं म्हणण्यासारखं आहे.

म्हणून इथे जोडी हे एकक धरा. एका ओळीत जोडीचा क्रमांक, मग स्पर्श पर्यटकाच्या शरीराचा की इन्स्ट्रक्टरच्या, आणि तिसरा रकाना: “बसवलं का, आणि कशावर”. या तिसऱ्या रकान्यानं आमची समजूत बदलली. पर्यटकांचे हवेत फिरणारे हातपाय दिसतात खूप, पण पुन्हा पुन्हा मार खाणारी जागा म्हणजे व्हिडिओची जागा. ती दोन-चार मीटरची असते आणि रोज तीच असते. ती शेजारच्या रेतीवर सरकवायला गाईडला एक पैसा खर्च नाही.

११. उतरण्याआधी नीट ब्रीफिंग दिलं की भागतं ना?

ब्रीफिंग कसलं, यावर आहे. इजिप्तच्या रास मोहम्मद राष्ट्रीय उद्यानात सचित्र माहिती आणि पाण्यातलं प्रात्यक्षिक दिल्यावर सात मिनिटांतले स्पर्श माणशी १.४ वरून ०.४ वर आले (१९९७). सेंट लुसियात नेहमीच्या ब्रीफिंगमध्ये “खडकाला हात लावू नका” हे एक वाक्य घालून पाहिलं, काहीच फरक पडला नाही. पाण्यात गाईडनं तिथल्या तिथे टोकल्यावर मात्र मिनिटाला ०.३ चे ०.१ झाले.

हलत्या बोटीवर, पोटात ढवळत असताना, कान कसे मोकळे करायचे आणि घाबरलात तर कुठली खूण करायची हे ऐकणाऱ्या माणसाच्या डोक्यात पोवळ्याचं एक वाक्य राहणार नाही. राहू नये, खरं तर. गोव्यात ब्रीफिंगची खरी गरज इन्स्ट्रक्टरला आहे. कारण प्रश्न १० मध्ये.

१२. नुकसान डायव्हरनं केलं की गाळानं, उष्णतेनं, जाळ्यांनी, हे वेगळं कसं काढायचं?

अवघड आहे, आणि सोपं आहे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पाठ्यपुस्तकी उत्तर असं: डायव्हिंग सुरू होण्याआधी आणि नंतर, डायव्हिंगच्या जागी आणि न होणाऱ्या तशाच जागी, अशा चारही बाजूंनी मोजा. दोन्ही जागा सारख्याच घसरल्या तर कारण सगळीकडचं, एकच घसरली तर तिथलं. यात “तशाच जागी” या दोन शब्दांत सगळी मेख आहे. एखाद्या जागी डायव्हिंग का होत नाही? तिथे लाटा जास्त, पाणी जास्त गढूळ, किंवा पाहण्यासारखं काही नाही म्हणून. म्हणजे ती जागा पहिल्यापासूनच वेगळी. एकाच तुलनेच्या जागेवर भिस्त ठेवू नका, निदान दोन-तीन घ्या.

खुणांवरूनही बरंच कळतं. उष्णतेनं पोवळं पांढरं पडतं, म्हणजे विरंजन होतं, तेव्हा सांगाडा शाबूत असतो आणि डायव्हर जातात न जातात त्या सगळ्या जागी एकाच सुमाराला ते दिसतं. अमेरिकेच्या नोआ संस्थेचा उपग्रहावर आधारलेला उष्णताताणाचा निर्देशांक फुकट पाहता येतो. तो ४ झाला की विरंजनाची शक्यता मोठी, ८ झाला की पोवळी मरू लागण्याची. चौथं जागतिक विरंजन चालू असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं होतं. त्या काळातली मोजणी असेल तर हा आलेख सोबत जोडल्याशिवाय डायव्हरांना दोष देऊ नका. गाळ टर्बिनेरियाच्या वाटीसारख्या खळग्यात साचतो आणि मधला भाग मारतो, कड जिवंत राहते. फिन बरोबर उलटं करते. जाळं गुंडाळलेलं सापडतं, किंवा दोरीचा चर सापडतो. विरंजन आकड्यात मांडायचं तर क्वीन्सलँड विद्यापीठाचा कोरलवॉच रंगतक्ता पाण्याखाली नेता येतो. सहा छटांपैकी दोन किंवा जास्त उतरल्या तर नोंद घ्यायची.

१३. डायव्हिंग तर केव्हाच सुरू झालंय. “आधी”ची माहितीच नसेल तर?

मग अंतर मोजा. बोट जिथे बांधतात आणि डायव्हर जिथून दोरीवरून खाली जातात, त्या बिंदूपासून ५, १०, २०, ४० मीटरवर, शक्यतो एकाच खोलीच्या पट्ट्यात, चौकटी टाका. डायव्हरचा परिणाम असेल तर दूर जाल तसा तो विरायला हवा. उष्णता आणि नदीचा गाळ चाळीस मीटरमध्ये असा उतार दाखवत नाहीत. भूमध्य समुद्रातल्या निरीक्षणांत स्पर्श डायव्हच्या सुरुवातीच्या मिनिटांत जास्त आढळले होते, म्हणजे उतार त्या दोरीपाशीच सगळ्यात तीव्र असणार. आमच्या मते कमी पैशांत होणारी ही सगळ्यात प्रामाणिक मोजणी. नांगराची भानगड मात्र त्याच जागी असते, ती प्रश्न १५ मध्ये.

१४. गढूळ पाण्यात फोटोच येत नाहीत. मोजणी सोडून द्यायची का?

चौकट लहान करा, जवळून घ्या, रुंद भिंग वापरा, आणि फ्लॅश समोरून न मारता बाजूनं मारा, नाहीतर गाळाचे कण चांदण्यांसारखे चमकतात. तरी जमलं नाही तर टेपखालच्या नोंदी डोळ्यांनी. दरवेळी दृश्यमानता मात्र लिहा. एकानं पांढरी-काळी चकती धरायची, दुसऱ्यानं टेप घेऊन मागे सरकत जायचं, चकती दिसेनाशी झाली की आकडा वाचायचा. हा आकडा नसेल तर पुढे “पोवळं घटलं” की “आम्हाला कमी दिसलं” हे सांगता येत नाही. तीन मीटरच्या आत असेल तर डायव्हरचा पाठलाग करू नका. जवळ जावं लागतं आणि तुमच्याच फिन त्याच्या तोंडावर बसतात.

पावसाळ्यात काय करता, असंही याच्या जोडीला विचारतात. काहीच नाही. घरी बसून फोटोंवर बिंदू टाकतो. मेअखेर आणि ऑक्टोबरची पहिली फेरी चुकवू नका, म्हणजे पावसाळ्यानं काय केलं ते वेगळं पडतं. खडकात ठोकलेले खिळे आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्या चार महिन्यांत निम्म्या जातात. उरलेल्यांवर इतकं काही उगवतं की खरवडल्याशिवाय क्रमांक दिसत नाही. जास्तीच्या खुणा ठोकून ठेवा.

१५. बोटीचा नांगर पोवळ्यावर पडला. ते डायव्हिंगचं नुकसान धरायचं?

धरायचं, पण वेगळ्या रकान्यात. पर्यटक आले म्हणून बोट आली, म्हणून नांगर पडला, तेव्हा उद्योगाच्या खात्यात ते जातंच. “डायव्हरच्या स्पर्शां”त मात्र मिसळू नका, कारण उपाय वेगळा आहे: कायमचा बोया बांधला की नांगराचा प्रश्न सुटतो, फिनचा सुटत नाही.

एकदा आमची अंथरलेली टेप खाली असतानाच दुसऱ्या एका बोटीनं नांगर सोडला. साखळी आमच्या तिसऱ्या आणि चौथ्या मीटरमधून गेली आणि परातीएवढी टर्बिनेरिया उलटी करून गेली. भांडण झालं, व्हायचं तेवढं. पण नोंद म्हणून तो दिवस सोन्यासारखा होता, कारण त्या एका फटक्यात जेवढं क्षेत्र गेलं तेवढं आमच्या पाटीवरच्या महिनाभराच्या फिनांनी मिळून केलं नव्हतं. नांगराची खूण फसत नाही: उलटलेलं पोवळं आणि शेजारी साखळीनं घासलेला अर्धगोल.

१६. माशांना पाव टाकणं आणि सनस्क्रीन, यांचं काय?

पाव टाकू नका. पाव दिसताच पट्टेरी मासे झुंबड करतात आणि नेहमीचं चरणं सोडतात. त्यामुळे मासे मोजायचे असतील तर पाव टाकणारी बोट आली-गेली ही नोंद हवीच. सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रयोगशाळेत पोवळ्यांना घातक ठरली आहेत, आणि अमेरिकेच्या हवाई राज्यात ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी आहे. गोव्यात मोजणीच्या यादीत मी ते खालीच ठेवीन. लांब बाह्यांचा सुती सदरा घाला, वाद मिटला.

१७. परवानगी लागते का? अभ्यासासाठी मोडलेला तुकडा उचलला तर चालतो?

तुकडा उचलू नका, पडलेला असला तरी. चुनखडीचे सांगाडे बांधणारी सगळी पोवळी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. खिशातला तुकडा हा गुन्हा ठरू शकतो, “प्रोजेक्टसाठी” म्हटल्यानं सुटका नाही. नमुना हवाच असेल तर वन खात्याची लेखी परवानगी हवी. नुसतं पाहणं आणि फोटो यांसाठीही कॉलेजचं पत्र, बोटमालकाची संमती आणि वन खात्याला आगाऊ कल्पना एवढं ठेवा. खुणेचे खिळे ठोकायचे असतील तर आधी विचाराच. मार्गदर्शनासाठी दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळच आहे, १९६६ पासूनची. ग्रँड आयलंडच्या पोवळ्यांवर आणि त्यांच्या विरंजनावर तिथल्या संशोधकांनी काम केलेलं आहे. आपण चाकाचा शोध नव्यानं लावायच्या आधी ते वाचलेलं बरं.

१८. बुडालेल्या जहाजावर उगवलेली पोवळी मोजणीत धरायची का?

धरा, पण खडकाशी बेरीज करू नका. लोखंड गंजतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि पोवळं आपोआप गळून पडतं. त्याचा दोष फिनवर येतो. जहाजाभोवती गर्दीही वेगळी असते, लोक कठडा धरूनच फिरतात. एक फायदा मात्र आहे. जहाज बुडाल्याचं वर्ष माहीत असेल तर त्यावरचं कुठलंही पोवळं त्याहून जुनं असू शकत नाही. खडकावरच्या पोवळ्याचं वय असं फुकटात कळत नाही.

१९. आम्ही व्हिडिओची जागा सरकवली, स्पर्श निम्म्यावर आले, तरी पुढच्या हंगामात जिवंत पोवळं कमीच भरलं. आमची मोजणी चुकली का?

बहुधा नाही. तुम्ही दोन वेगळ्या घड्याळांत वेळ पाहताय. स्पर्श त्याच दिवशी कमी होतात, पोवळं सेंटिमीटरनं वाढतं, आणि मध्ये एक पावसाळा आणि एक कडक मे येऊन गेला. आधी तुलनेच्या जागांचे आकडे काढा (प्रश्न १२). तिथेही तेवढंच घटलं असेल तर तुमच्या उपायाला दोष देता येत नाही आणि श्रेयही देता येत नाही. मग “ताजे घाव” हा रकाना पाहा (प्रश्न ५). तो खाली आला असेल तर गाईडला ते जरूर सांगा, तो वाट पाहत असतो. शेवटी टेप मागच्या वेळी धरणारा आणि आता धरणारा एकच होता का, तेही विचारा. आमच्याकडे एका वर्षी चार टक्क्यांची “घट” निघाली होती. नवा मुलगा झोआन्थिडला, म्हणजे पोवळ्यासारख्याच दिसणाऱ्या मऊ गालिच्याला, पोवळं धरत नव्हता. जुना धरत होता. बरोबर नवा होता.